चार तुकड्यांची स्कूटर

‘जवळजवळ’ हा शब्द आमच्या घरमालकांसमोर काढायची सोय नव्हती. मी नाशकात नोकरीला लागले आणि शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, त्याच दिवशी मला हे कळलं. ट्रंक, गादी, स्टोव्ह सगळं वर चढवून मी घामाघूम होऊन खाली आले आणि म्हटलं, "काका, जवळजवळ सगळं लागलं."

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या काकांनी पेपर खाली केला.

"जवळजवळ उडणारं विमान तुला चालेल का?"

आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरगी आत्ता आलीय, तिला पाणी तरी पिऊ द्या की!"

ओझरच्या विमानांच्या कारखान्यात काकांनी सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली होती. तिथं पार्ट आला की त्याला गेज लावायचं. गेज म्हणजे ठरलेल्या मापाचा ठोकळा. तो बसला पाहिजे तिथं बसला तर पार्ट पास, अडला तर नापास. मधलं काही नाही. पास झाला की तारेनं हिरवी चिठ्ठी बांधायची, नापास झाला की लाल. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, देवळात जातात. काकांनी बाजारातून दोन रंगांचा पुठ्ठा आणला, चिठ्ठ्या कापल्या, भोकं पाडली, तारा ओवल्या आणि घरादाराचं इन्स्पेक्शन सुरू केलं.

गळक्या नळाला लाल. किरकिरणाऱ्या बेलला लाल. पेपरवाल्याला उशीर झाला की त्याच्या सायकलच्या हँडलला लाल. मी एकदा मोठ्या हौसेनं उपमा करून खाली दिला, तर संध्याकाळी डबा परत आला तो चिठ्ठी लेवूनच. वर बारीक, सुबक अक्षरात कारण लिहिलेलं: ‘गुठळ्या, नग तीन.’ मला असा राग आला म्हणता! पण डबा रिकामा होता. तो राग मला नीट करताच येईना.

आणि मला बघायला आलेला तो मुलगा! आईवडील येवल्याला, म्हणून बघण्याचा कार्यक्रम काकांच्याच ओटीवर. पोहे झाले, चहा झाला. काकांनी विचारलं, "नोकरी पर्मनंट ना?" तो म्हणाला, "जवळजवळ." मी आणि काकूंनी एकमेकींकडे बघितलं. मंडळी निघाली तेव्हा त्याच्या मोटरसायकलच्या आरशाला लाल चिठ्ठी लटकत होती. माझे वडील दोन महिने काकांशी बोलले नाहीत. मी मात्र मनातल्या मनात त्यांना साष्टांग नमस्कार घातला, कारण मुलगा मलाही पसंत नव्हता आणि सांगायची माझी हिंमत नव्हती.

हिरवी चिठ्ठी दुर्मीळ. अख्ख्या घरात ती मी एकाच ठिकाणी पाहिली, अंगणाच्या लोखंडी गेटला. घर बांधलं त्या वर्षी बांधलेली, उन्हानं पांढरी पडलेली. काकू कधी कधी त्यावरून सुनवायच्या. "चौतीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या एका आमटीला कधी हिरवी चिठ्ठी लागली नाही. त्या गेटला लागली!"

काकांचं उत्तर ठरलेलं. "तू लग्नाच्या वेळीच पास झालीस. एकदा पास झालेल्या पार्टला पुन्हा गेज लावत नाहीत."

"बघ बाई," काकू मला म्हणायच्या, "मी पार्ट."

मी आले त्याच्या तीन वर्षं आधी मणक्याच्या दुखण्यानं काकांचे पाय गेले होते. म्हणजे भिंतीला धरून चार पावलं जायचे, बाथरूमपर्यंत, त्यापलीकडे खुर्ची. रोज सकाळी कॅनडा कॉर्नरजवळच्या दवाखान्यात व्यायामाला जावं लागायचं, एक दिवस चुकला की पाय आखडायचे. आणि खुर्ची ढकलायच्या काकू. फक्त काकू. दुसऱ्या कोणी खुर्चीला हात लावला की काका असे ओरडायचे, की रस्त्यावरची माणसं थांबायची. मी एकदा हात लावला होता. पुन्हा नाही लावला. त्यामुळे झालं असं, की काका काकूंशिवाय हलेनात, आणि काकू काकांना सोडून कुठे जाईनात. सख्खी बहीण माझ्याच गावी, येवल्याला, एसटीनं दोन-अडीच तासांवर. पण मला तिथं तीन वर्षं होईपर्यंत, म्हणजे एकूण सहा वर्षांत, काकू तिच्याकडे एक रात्र राहिल्या नव्हत्या.

अशात त्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. काकांना मूलबाळ नाही. ही भाची दहावीपर्यंत त्यांच्याच घरी वाढलेली. बहिणीचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. "आठ दिवस आधी ये गं, तुझ्याशिवाय मी काय करू," असं काहीतरी पलीकडून चाललेलं. काकू म्हणाल्या, "मी लग्नाच्या दिवशी येईन ना. सकाळच्या गाडीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं परत." आणि फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. काकांच्या हातातला पेपर उलटा होता. शपथ सांगते, उलटा!

दुसऱ्या दिवशी काकांनी इंग्लंडमधल्या पुतण्याला फोन लावला. पंधरा दिवसांत एक जाडजूड पाकीट आलं. आत रंगीत कॅटलॉग, तिकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बॅटरीवर चालणाऱ्या बसक्या स्कूटरींचा. आणि साध्या स्कूटरी नव्हेत, तर चार तुकडे करून गाडीच्या डिकीत घालता येतील अशा. सीट वेगळी, बॅटरी वेगळी, पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा. पुतण्या डिसेंबरात सुट्टीवर यायचा होता, लग्नाच्या दहा दिवस आधी. तो बरोबर आणणार होता. कोणती आणायची ते मात्र काकांनी ठरवायचं.

"टेनंट!" काकांनी हाक मारली. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "इंग्रजी वाच. डोळे दुखतात माझे."

पहिल्याच पानावर लिहिलं होतं, तुमच्या लाइफस्टाइलला शोभेल अशी स्कूटर निवडा. खाली प्रश्न. तुम्ही गोल्फ खेळता का? तुमची गाडी किती दारांची आहे? समुद्रावरच्या लाकडी पुलावर फिरायला जाता का?

काका गंभीर. "माझी लाइफस्टाइल काय आहे?"

"सकाळी चहा," काकू मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मग दुसरा चहा, मग माझ्यावर खेकसणं."

पण काकांनी ते प्रश्न सोडले नाहीत. त्यांनी स्वतःचे प्रश्न काढले. दवाखान्याचं दार. न्हाव्याच्या दुकानाची पायरी. रिक्षा. गंगेवरचा, म्हणजे गोदावरीकाठचा, बुधवारचा बाजार, जिथं ते तरुणपणापासून दर आठवड्याला कोथिंबीर निवडायला जायचे आणि सहा वर्षांत गेले नव्हते. आणि मग त्यांनी गेज बनवलं. चक्क स्कूटरचं गेज! प्लायवूडचा, चार तुकड्यांत सुटणारा सांगाडा, लांबी-रुंदी कॅटलॉगमधली, खाली मुलं गाडा करतात तसे बेअरिंग. त्याला पुढे दोरी. आणि ती दोरी कोणाच्या हातात? माझ्या!

काय सांगू तुम्हाला! रविवारी सकाळी, नोकरदार मुलगी, पंजाबी ड्रेस घालून, शरणपूर रोडनं खडखडखड आवाज करत बिनसीटची, बिनइंजिनाची लाकडी गाडी ओढत चालली आहे. मागे खुर्चीत काका, खुर्चीमागे काकू. प्रत्येक दारासमोर थांबायचं, गाडी घालायची आणि ओरडायचं, "जातं!" किंवा "अडतं!" मी एकदा चुकून "जरा घासतंय" म्हटलं तर पुन्हा घालायला लावली. पहिल्या रविवारी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. दुसऱ्या रविवारी मी स्वतःहून सहा वाजता तयार होते. खरंच सांगते, मला चटक लागली. कोणाकडेही गेले तरी माझी नजर दाराच्या चौकटीवर जायची आणि ओठांवर यायचं, जातं.

रिक्षाचा प्रश्न नाक्यावरच्या रिक्षावाल्यानं सोडवला. तो सिन्नरकडचा, आडदांड, मोठ्या मनाचा. त्यानं लाकडी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"काका, हे काय हाय?"

"स्कूटर."

"आन् इंजिन?"

"इंग्लंडला."

"मंग लय लांब ठेवलंय की!" तो म्हणाला, आणि काकांनी सांगितलं तसे लाकडाचे तुकडे त्यानं मागच्या सीटमागे, पायाशी, मांडीवर बसवून दाखवले. "चारी बसतेत. पण एक इचारतो. खरी गाडी वजनाची आसंल. ती उचलायची कोणी? मी रोज सापडंल का नाय, सांगता येत नाय."

काकांनी काकूंकडे बघितलं.

शेवटी दोन मॉडेल उरली. एक थोरली, चारचाकी. चढ चढणारी, खड्ड्याला न भिणारी, एका चार्जिंगमध्ये गंगेवर जाऊन परत येणारी. तेव्हा भारनियमनाचे दिवस, वीज कधी येते कधी जाते याचा पत्ता नाही, म्हणजे थोरल्या बॅटरीचं महत्त्व विचारूच नका. दुसरी धाकटी. सपाट रस्त्याची, जेमतेम दवाखाना-दुकान करणारी. गल्लीतल्या सगळ्यांना थोरली पसंत. काकांना तर इतकी, की त्या पानाला त्यांनी दुमड घातली होती. गंगेवर उतरायचं आणि परत चढायचं, या एका गोष्टीसाठी ते रोज ते पान उघडून बघायचे. फक्त थोरलीचा सगळ्यात जड तुकडा एकवीस किलोचा होता आणि धाकटीचा तेरा.

मग ती परीक्षा झाली. येवल्याहून बहिणीनं कांद्याचं पोतं पाठवलं होतं. काकांनी ताणकाटा आणला, एका पिशवीत मोजून एकवीस किलो कांदे भरले आणि म्हणाले, "उचल. ओट्यावर ठेव."

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "येवल्याची आहे मी! पोती उचललीयत." पदर खोचला, पिशवी उचलली, ओट्यावर ठेवली आणि हसल्या. मी टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळे थोरलीवरच आलो असतो. काकांनी चिठ्ठ्यांचा खोका मागितला आणि थोरलीच्या पानाला लाल चिठ्ठी बांधली.

काकू आत गेल्या आणि मी भडकले. एवढे रविवार मी उगीच गाडी ओढली होती का? "काका, हा शुद्ध अन्याय आहे! उचललं की त्यांनी! तुमच्याच नियमानं पास!"

"हळू बोल," काका म्हणाले. "तू तिला उचलताना ऐकलंस?"

"ऐकायचं काय त्यात? काही बोलल्याच नाहीत त्या."

"तेच. ती गहू उचलताना बोलते, गादी उचलताना बोलते, सिलेंडर ढकलताना तर माझ्या सात पिढ्या काढते. आज उचलताना गप्प होती. खाली ठेवल्यावर हसली." काकांनी खोक्याचं झाकण लावलं. "आठ दिवस सकाळी बघतोय. वेणी घालताना तिचा डावा हात वर जात नाही. सहा वर्षं ढकलतेय मला."

मी एवढं त्यांच्याबरोबर राहत होते, डोळे फुटले होते का माझे? मी विचारलं, "मग गंगेवर?"

"नाही जमणार. नाही तर नाही." आणि त्यांनी कॅटलॉग मिटला. मी त्या दिवशी वर जाऊन खूप रडले. पण कोणावर राग होता ते मला नीट सांगता येणार नाही.

डिसेंबरात पुतण्या आला, धाकटीची दोन खोकी घेऊन. काकूंनी हात लावून एकेक तुकडा काढला, जोडला, आणि या वेळी अखंड बोलत होत्या! "हे इथं बसतं का? नाही, तिथं. सरका हो! अगं बाई, लाल रंग किती छान." गल्ली सगळी गोळा. रिक्षावालाही आला. हँडलपाशी एक गोल बटण होतं, एका टोकाला सशाचं चित्र, दुसऱ्या टोकाला कासवाचं. ससा म्हणजे जोरात, कासव म्हणजे हळू. काकांनी पहिल्यांदा काय केलं असेल? बटण सशावर फिरवलं आणि वर लाल चिठ्ठी बांधली, पुन्हा कासवाकडे वळवायचं नाही म्हणून. "सहा वर्षं कासवच होतो," ते म्हणाले.

आणि निघाले! ओटीवरून फळीच्या उतारावरून सुर्रकन खाली, अंगणातून सरळ, आम्ही सगळे ओरडतोय, काकू हात जोडून उभ्या, आणि खाड! गाडी गेटमध्ये अडकली.

अर्धा इंच. पंधरा दारं तपासली होती आम्ही. न्हावी, दवाखाना, किराणा, झेरॉक्स, सगळीकडे ‘जातं’. आणि स्वतःच्या घराच्या गेटला गेज लावलं नव्हतं, कारण त्याला हिरवी चिठ्ठी होती. दर रविवारी लाकडी गाडी आम्ही अंगणातून बाहेर न्यायचो, पण मी ती उचलून, आडवी करून न्यायचे आणि खुर्ची तर अरुंदच. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पास झालेल्या पार्टला पुन्हा कोण बघतं?

काकांचं तोंड असं झालं की बघवेना. आणि रिक्षावाला समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "जाऊ द्या काका. जवळजवळ गेली."

देवा! मी डोळेच मिटले. पण काका हसायला लागले. असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी स्वतः ती पांढरी पडलेली चिठ्ठी गेटवरून सोडली, लाल बांधली आणि पाना मागवला. संध्याकाळपर्यंत गेट बिजागऱ्यांतून निघून भिंतीला टेकून उभं होतं.

भाचीचं केळवण आमच्याकडेच झालं. तिला वाढताना काकू म्हणाल्या, "लग्नाला हेही येतील, मी यांना घेऊन येते." काकांनी मान हलवली.

"मी येणार नाही. आलो की तू मांडवात कमी आणि माझ्या मागे जास्त उभी राहशील. ही हळद तुझीही आहे. तू जा. आठ दिवस जा."

भाची रडली, काकू रडल्या, मी तर काय, रडायला तयारच. पण काकू गेल्या. जाताना मला औषधांची यादी, किल्ल्या, दुधाची पिशवी, आणि वर, "त्यांना ढकलू नकोस हं, चिडतात," हेही सांगून गेल्या.

ते आठ दिवस! काका रोज सकाळी ससा लावून दवाखान्यात. तिथून न्हावी. तिथून भाजी. एकदा खड्ड्यात चाक बसलं तर ढकलायला आलेल्या चार जणांना हाकलून, मागेपुढे करत, पाऊण तासानं एकटेच बाहेर आले आणि घरी येऊन मला ती हकिकत तीनदा सांगितली. वीज असेल तेव्हा चार्जिंग, जेवण असो नसो. येवल्याला फोन केला की काकू विचारायच्या, "नीट आहात ना?" आणि काका पहिल्यांदाच आयुष्यात म्हणायचे, "जवळजवळ." का, तर काकूंशिवाय त्यांना घरी करमत नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी मला बजावलं, "मी सीबीएसच्या एसटी स्टँडवर जातोय तिला आणायला. एकटा. तू यायचं नाहीस." मी कशी घरी बसणार! सायकल काढली आणि पन्नास पावलं मागे राहिले. सिग्नलला तर माझा जीव वर. रिक्षा, बसगाड्या, टेम्पो, आणि त्यांच्या मधून ती बुटकी लाल स्कूटर ऐटीत पलीकडे गेली. मला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, ते आमचे काका आहेत!

येवल्याची बस लागली. काकू उतरल्या, हाताला मेंदी, खांद्याला पिशवी. काकांना बघितलं आणि त्यांची नजर लगेच काकांच्या मागे गेली.

"कोणी आणलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आलो."

काकांनी त्यांची पिशवी घेऊन पुढच्या बास्केटमध्ये ठेवली, आणि शर्टाच्या खिशातून एक कोरी हिरवी चिठ्ठी काढली. "हात दे." आणि त्यांनी चिठ्ठीची तार बांगडीला गुंडाळली.

"आता हे काय नवीन?"

"गेटच्या वेळी कळलं. पास झालेलंही पुन्हा तपासावं लागतं." काका चिठ्ठीकडेच बघत म्हणाले. "तपासलं."

"लोक बघतायत हो," काकू म्हणाल्या. पण चिठ्ठी त्यांनी काढली नाही.

ते निघाले. सहा वर्षं काकू त्यांच्या मागून चालल्या होत्या, काकांच्या टकलाशी बोलत. आज त्या शेजारून चालत होत्या. हळद, रुखवत, व्याह्यांचा मानपान, कोणाचं जेवण कमी पडलं, सगळं एका दमात सांगत होत्या, आणि काका मान वळवून त्यांच्याकडे बघत होते. शरणपूर रोडला लागल्यावर काकू ओरडल्या, "अहो, हळू! मी मागे राहतेय!"

काका थांबले. मी लांबून बघितलं, ते हँडलवर वाकले, बटणाची लाल चिठ्ठी सोडून खिशात टाकली आणि बटण फिरवलं कासवावर. मग दोघं पुन्हा निघाले, शेजारी शेजारी, काकूंच्या चालीनं. तेवढ्या हळू सायकल काही चालवता येत नाही. मी उतरले आणि ती हातात धरून त्यांच्या मागून चालत घरी आले.